अमेरिकेतला ‘रनिंग मेट’ कसा निवडतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या निवडणुकीचा मोसम आला की घरच्या ग्रुपवर काही प्रश्न ठरलेले असतात. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराबद्दल प्रत्येकाचे मत तयार असते. पण त्याच्या शेजारी हात उंचावून उभा असलेला दुसरा माणूस कोण, त्याला तिथे कोणी आणले आणि तो नसता तर काय बिघडले असते, इथे गाडी अडते. त्या प्रश्नांची उत्तरे इथे एकत्र लिहिली आहेत. काही दोन ओळींत संपतात. काही लांबली आहेत, कारण गोष्टच तशी आहे.

‘रनिंग मेट’ म्हणजे नेमके कोण?

राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराबरोबर एकाच तिकिटावर उभा राहणारा उपराष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार. शब्द घोड्यांच्या शर्यतीतून आलेला आहे. मुख्य घोड्याला वेग यावा म्हणून त्याच तबेल्यातला दुसरा घोडा सोबत पळवायचे, तो रनिंग मेट. आपली वर्तमानपत्रे ‘उपराष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार’ असे लांबलचक लिहितात, बोलताना सगळे रनिंग मेटच म्हणतात. इथेही तेच वापरले आहे.

राष्ट्राध्यक्ष एका पक्षाचा आणि उपराष्ट्राध्यक्ष दुसऱ्या पक्षाचा, असे मत देता येते का?

नाही. मतपत्रिकेवर दोघांची जोडी असते. घ्यायचे तर दोघांना, नाहीतर कोणालाच नाही. पुढे डिसेंबरात राज्याराज्यांतले इलेक्टर (लोकांच्या मतांवरून ठरणारे प्रतिनिधी, राष्ट्राध्यक्ष खरे तर हेच निवडतात) मात्र दोन्ही पदांसाठी वेगवेगळी मते टाकतात, आणि त्यात एकदा घोटाळा झाला आहे. १८३६च्या निवडणुकीत व्हर्जिनियाच्या २३ इलेक्टरांनी मार्टिन व्हॅन ब्यूरन यांना मत दिले, पण त्यांचे जोडीदार रिचर्ड मेंटर जॉन्सन यांना द्यायला नकार दिला. जॉन्सन एका गुलाम स्त्रीबरोबर उघडपणे संसार करत होते, आणि दक्षिणेतल्या गुलाममालकांना नेमका तो उघडपणा सहन होत नव्हता. जॉन्सन बहुमताला एका मताने कमी पडले आणि त्यांची निवड सेनेटला करावी लागली. असे त्यानंतर पुन्हा घडलेले नाही.

मग सुरुवातीपासून अशीच जोडी लावत होते का?

मुळीच नाही. राज्यघटना लिहिणाऱ्यांनी पक्षांचा विचारच केला नव्हता. प्रत्येक इलेक्टरने दोन मते द्यायची, सर्वांत जास्त मते मिळवणारा राष्ट्राध्यक्ष, दुसरा आलेला उपराष्ट्राध्यक्ष. वर्गात पहिला-दुसरा नंबर काढावा तसे.

१७९६ मध्येच याचे हसे झाले. जॉन अ‍ॅडम्स ७१ मतांनी पहिले आले आणि त्यांचे कट्टर विरोधक थॉमस जेफरसन ६८ मतांनी दुसरे. चार वर्षे राष्ट्राध्यक्ष एका गटाचे आणि उपराष्ट्राध्यक्ष त्यांच्याविरुद्ध डाव रचणाऱ्या गटाचे. १८०० मध्ये पक्षांनी शहाणपणा करून जोडी उभी केली, तर जेफरसन आणि त्यांचेच जोडीदार अ‍ॅरन बर यांना प्रत्येकी ७३ मते पडली. बर यांनी माघार घ्यायची सोडून गप्प बसणे पसंत केले. प्रतिनिधीगृहात मतदानाच्या ३६ फेऱ्या झाल्या तेव्हा कुठे फेब्रुवारी १८०१ मध्ये जेफरसन निवडून आले. या अनुभवातून बारावी घटनादुरुस्ती आली. ती १८०४ मध्ये मंजूर झाली आणि दोन पदांची मते वेगळी झाली. त्याच वर्षी उपराष्ट्राध्यक्ष बर यांनी द्वंद्वयुद्धात माजी अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांना गोळी घातली, पण तो विषय वेगळा.

दुरुस्तीमुळे भांडण मिटले, आणि पदाची किंमतही उतरली. आधी तो देशातला दुसऱ्या क्रमांकाचा माणूस होता, आता तिकिटाची दुसरी बाजू सावरायला घेतलेला माणूस झाला.

हे आपल्या उपराष्ट्रपतींसारखेच पद आहे ना?

अर्धे. आपले उपराष्ट्रपती राज्यसभेचे सभापती असतात, तिकडचे सेनेटचे. तिथे समसमान मते पडली की त्यांचे मत निर्णायक. कमला हॅरिस यांनी असे मत ३३ वेळा दिले, तो विक्रम आहे.

खरा फरक राष्ट्रप्रमुखाच्या मृत्यूनंतर दिसतो. १९६९ मध्ये डॉ. झाकिर हुसेन यांचे निधन झाले तेव्हा व्ही. व्ही. गिरी हंगामी राष्ट्रपती झाले, आणि सहा महिन्यांच्या आत नवी निवडणूक घ्यावी लागली. अमेरिकेत तसे नाही. उपराष्ट्राध्यक्ष पूर्ण राष्ट्राध्यक्ष होतो आणि उरलेली मुदत पुरी करतो, मग ती साडेतीन वर्षे का असेना. म्हणूनच ही निवड वाटते तेवढी किरकोळ नाही.

निवड कोण करतो, पक्ष की उमेदवार?

आज उमेदवार. पक्षाचे अधिवेशन नुसती मान डोलावते.

पण हा अलीकडचा रिवाज. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या पहिल्या काही दशकांत पक्षाचे बडे दलाल आणि अधिवेशनातले प्रतिनिधी हे नाव ठरवत, पुष्कळदा शेवटच्या दिवशी, घरी जायच्या घाईत. १९२० मध्ये रिपब्लिकन नेत्यांना सेनेटर लेनरूट हवे होते, पण प्रतिनिधींनीच कॅल्विन कूलिज यांच्या नावाचा गजर केला आणि नेते बघत राहिले. १९०० मध्ये न्यूयॉर्कचे पक्षश्रेष्ठी टॉमस प्लॅट यांना राज्याचे गव्हर्नर थिओडोर रूझवेल्ट डोईजड झाले होते. त्यांना उपराष्ट्राध्यक्ष करून अडगळीत टाकायचा बेत शिजला. पक्षाचे दुसरे धुरीण मार्क हॅना डोके आपटून सांगत होते की या वेड्या माणसात आणि राष्ट्राध्यक्षपदात फक्त एका जिवाचे अंतर उरेल. सप्टेंबर १९०१ मध्ये बफेलोत राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, आठ दिवसांनी ते गेले, आणि अडगळीतला माणूस ४२व्या वर्षी व्हाइट हाउसमध्ये पोचला.

उमेदवाराचा शब्द चालायला लागला तो १९४० पासून. फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी हेन्री वॉलेस हवेत म्हणून हट्ट धरला. ते नसतील तर मीही उमेदवारी घेणार नाही, अशी धमकीच दिली. अपवाद १९५६चा. डेमोक्रॅटिक उमेदवार अ‍ॅडलाय स्टीव्हन्सन यांनी निवड अधिवेशनावर सोडली आणि चुरशीच्या मतदानात एस्टेस केफॉवर यांनी एका तरुण सेनेटरला हरवले. त्या तरुणाचे नाव जॉन केनेडी. स्टीव्हन्सन नोव्हेंबरात सडकून हरले, तेव्हा केनेडींच्या पथ्यावर पडलेला हा पराभव म्हणायचा.

कोण उभा राहू शकतो?

राष्ट्राध्यक्षपदाच्याच अटी लागू: वय किमान ३५, अमेरिकेत १४ वर्षांचे वास्तव्य, आणि जन्मजात नागरिकत्व. तिसरी अट सर्वांत जाचक. बेळगावात लहानाचे मोठे झालेले, अस्खलित मराठी बोलणारे श्री ठाणेदार मिशिगनमधून संसदेत निवडून आले, पण ते ना राष्ट्राध्यक्ष होऊ शकत ना उपराष्ट्राध्यक्ष. ऑस्ट्रियात जन्मलेले अर्नोल्ड श्वार्झनेगर कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर झाले, त्यांचीही गत तीच.

दोनदा निवडून आलेला माजी राष्ट्राध्यक्ष रनिंग मेट होऊ शकतो का?

बहुतेक घटनातज्ज्ञ नाही म्हणतात. काही जण शब्दाचा कीस काढतात: बाविसावी दुरुस्ती तिसऱ्यांदा ‘निवडून येण्याला’ मनाई करते, पद भूषवण्याला नाही. पण जो राष्ट्राध्यक्ष व्हायला अपात्र तो उपराष्ट्राध्यक्ष व्हायलाही अपात्र, असे बारावी दुरुस्ती सांगते. न्यायालयात हा मुद्दा कधी तपासला गेलेला नाही. मला पहिले मत पटते.

दोघे एकाच राज्याचे चालत नाहीत, हे खरे का?

अर्धवट खरे. मनाई इलेक्टरांना आहे: त्यांनी दोन्ही मते आपल्याच राज्यातल्या माणसांना द्यायची नाहीत. म्हणजे दोघे टेक्ससचे असतील तर फक्त टेक्ससच्या इलेक्टरांची पंचाईत.

२००० मध्ये नेमके हेच झाले. जॉर्ज बुश टेक्ससचे, आणि डिक चेनी धंद्यानिमित्त डॅलसमध्ये राहणारे. जाहीर व्हायच्या चारच दिवस आधी चेनींनी आपले मूळ राज्य वायोमिंगमध्ये जाऊन मतदार म्हणून नाव नोंदवले. विरोधकांनी कोर्टात दाद मागितली, ती फेटाळली गेली. हा नुसता कागदी खेळ नव्हता. त्या वर्षी बुश-चेनींना २७१ इलेक्टर मते मिळाली आणि लागत होती २७०. टेक्ससची ३२ वजा झाली असती तर चेनींना बहुमत नव्हते.

चेनींबद्दल आणखी एक. बुश यांनी त्यांना आधी रनिंग मेट ‘शोधून देण्याचे’ काम दिले होते. मुलगी दाखवायला नेलेल्या मध्यस्थालाच मुंडावळ्या बांधाव्यात, तसा प्रकार.

नाव ठरण्याआधी चौकशी कशी होते?

हल्ली ती एखाद्या मोठ्या कायदेसंस्थेकडे देतात. इच्छुकांना लांबलचक प्रश्नावली जाते. अनेक वर्षांची करविवरणे, वैद्यकीय कागद, जुनी भाषणे, लेख, कोर्टकज्जे, जोडीदाराचा धंदा, मुलांची समाजमाध्यमे, सगळे उपसले जाते. मग वकील समोर बसवून विचारू नये ते विचारतात: व्यभिचार, व्यसन, कर्ज, गर्भपात. उत्तर काय आहे यापेक्षा ते आधी आपल्याला कळले पाहिजे, विरोधकांकडून नव्हे, एवढाच हेतू.

किती खोलवर जातात याचा नमुना २०२४ मध्ये बाहेर आला. ट्रम्प यांच्या प्रचारयंत्रणेतून हॅकरांनी कागद चोरले. अमेरिकन सरकारने बोट इराणकडे दाखवले. चोरीच्या मालात जे. डी. व्हान्स यांच्यावरचा २७१ पानांचा अहवाल होता, आणि त्यात व्हान्स पूर्वी ट्रम्प यांच्याविरुद्ध काय काय बोलले याची नोंदही होती. म्हणजे ट्रम्प यांच्या माणसांना सगळे ठाऊक होते आणि तरी निवड झाली.

ही पद्धत रूढ व्हायला एक मोठा अपघात कारण झाला. पुढचे उत्तर त्याबद्दल.

ईगल्टन प्रकरण काय होते?

जुलै १९७२, मायामी बीच. डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी जॉर्ज मॅकगव्हर्न यांनी झगडून मिळवली होती आणि रनिंग मेटचा विचार करायला त्यांच्याकडे एक दिवससुद्धा धड उरला नव्हता. टेड केनेडी नाही म्हणाले. मग एकामागून एक नकार येत गेले. शेवटी मिसुरीचे तरुण सेनेटर टॉमस ईगल्टन यांना फोन लागला. मॅकगव्हर्न यांच्या माणसाने विचारले, काही लपवण्यासारखे आहे का? ईगल्टन म्हणाले, नाही. संपली चौकशी. त्या रात्री अधिवेशनात हौशी प्रतिनिधींनी उपराष्ट्राध्यक्षपदासाठी डझनावारी नावे पुढे केली, माओंचेसुद्धा, आणि मॅकगव्हर्न यांचे स्वीकृतीचे भाषण पहाटे तीनच्या सुमाराला झाले. देश तोवर झोपी गेला होता.

थोड्याच दिवसांत बाहेर आले की ईगल्टन नैराश्यासाठी १९६० ते १९६६ या काळात तीनदा रुग्णालयात होते आणि त्यांना विजेचे झटके दिले गेले होते. २५ जुलैला त्यांनी स्वतःच पत्रकारांना हे सांगितले. मॅकगव्हर्न म्हणाले, मी १००० टक्के त्यांच्या पाठीशी आहे. आठवड्याच्या आत हे १००० टक्के शून्यावर आले आणि ३१ जुलैला ईगल्टन बाहेर पडले. तिकिटावर ते १८ दिवस होते. मग पुन्हा नकारांची रांग, आणि अखेर सार्जंट श्रायव्हर (सार्जंट हे नाव, हुद्दा नव्हे).

या प्रकरणात ईगल्टन खोटे बोलले हे खरेच, पण त्या काळात मानसिक आजाराची कबुली म्हणजे राजकीय आत्महत्या होती, हेही विसरू नये. मला त्यांच्यापेक्षा मॅकगव्हर्न यांचे आश्चर्य वाटते. आधी आंधळा विश्वास, मग जाहीर शपथ, मग माघार: तिन्ही चुका एकाच माणसाने अडीच आठवड्यांत केल्या. नोव्हेंबरात त्यांना एकटे मॅसॅच्युसेट्स आणि राजधानी वॉशिंग्टन मिळाले. मिसुरीच्या लोकांनी ईगल्टन यांना पुढे आणखी दोनदा सेनेटवर पाठवले.

१९७६ मध्ये जिमी कार्टर यांनी धडा घेतला. उन्हाळाभर वेळ काढला, इच्छुकांची कागदपत्रे तपासून घेतली, काहींना जॉर्जियातल्या आपल्या प्लेन्स गावी बोलावून निवांत बोलणी केली आणि वॉल्टर मॉन्डेल यांना निवडले. आजची पद्धत ही कार्टर यांची.

चौकशी नीट झाली तरी निवड फसते का?

फसते. १९८४ मध्ये मॉन्डेल स्वतः उमेदवार असताना त्यांनी जेराल्डिन फेरारो यांना घेतले. मोठ्या पक्षाच्या तिकिटावरची ती पहिली स्त्री. पण पतीच्या आर्थिक व्यवहारांवरून वादळ उठले आणि ऑगस्ट महिना खुलासे करण्यात गेला. २००८ मध्ये जॉन मॅकेन यांना खरे तर मित्र जो लिबरमन, एकेकाळचे डेमोक्रॅट, हवे होते. पक्ष ऐकेना, आणि अखेरच्या काही दिवसांत अलास्काच्या गव्हर्नर सारा पेलिन यांचे नाव पुढे आले. मॅकेन यांची त्यांच्याशी जेमतेम ओळख होती. पहिला आठवडा टाळ्यांचा, पुढचे दोन महिने मुलाखतींतल्या घसरगुंडीचे. प्रश्नावलीतून माणसाचा भूतकाळ कळतो. कॅमेऱ्यासमोर तो कसा टिकेल ते तिच्यातून कळत नाही.

रनिंग मेट आपल्या राज्याची मते आणतो का?

सर्वांत लाडका समज हा, आणि सर्वांत कच्चाही. पुरावा म्हणून सगळे १९६० सांगतात: केनेडींनी लिंडन जॉन्सन यांना घेतले आणि टेक्सस सुमारे ४६,००० मतांनी जिंकले. जॉन्सन नसते तर टेक्सस बहुधा गेले असते, हे मान्य. पण टेक्ससची २४ इलेक्टर मते वजा केली तरी केनेडींच्या ३०३ पैकी २७९ उरतात, आणि तेव्हा गरज २६९ची होती. जॉन्सन यांचा उपयोग एका राज्यापुरता नव्हता. कॅथलिक, उत्तरेच्या उमेदवाराकडे संशयाने पाहणारी सगळी दक्षिण थोडीफार जागेवर राहिली, हा होता.

उलट बाजूची यादी लांब आहे. १९८८ मध्ये मायकल डुकाकिस यांनी टेक्ससचेच लॉइड बेंट्सन घेतले आणि टेक्सस हरले. गंमत अशी की त्याच दिवशी टेक्ससच्या मतदारांनी बेंट्सन यांना सेनेटवर पुन्हा निवडून दिले. जॉन्सन यांच्या सोयीसाठी केलेला कायदा त्यांना दोन्ही जागा लढू देत होता. २००४ मध्ये जॉन एडवर्ड्स होते, नॉर्थ कॅरोलिना गेले. २०१२ मध्ये पॉल रायन होते, विस्कॉन्सिन गेले.

२०२४ नंतर अनेकांनी हळहळ व्यक्त केली की हॅरिस यांनी टिम वॉल्झ यांच्याऐवजी पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर जॉश शपिरो यांना घ्यायला हवे होते. हिशेब करून बघा. हॅरिस यांना मिळाली २२६. पेनसिल्व्हेनियाची १९ धरली तरी २४५, आणि लागत होती २७०.

मग ‘तिकिटाचा समतोल’ म्हणतात तो कशासाठी?

उमेदवारात जे नाही ते जोडीदाराकडून आणायचे. उत्तर-दक्षिण, म्हातारा-तरुण, राजधानीतला मुरलेला-बाहेरचा. बराक ओबामांनी परराष्ट्र व्यवहारात केस पिकलेले जो बायडन घेतले, ट्रम्प यांनी २०१६ मध्ये कर्मठ ख्रिस्ती मतदारांना दिलासा म्हणून माइक पेन्स. आपल्याकडे मंत्रिमंडळात विभाग आणि जाती मोजून खुर्च्या वाटतात त्याच जातीचे हे गणित.

पण समतोल साधणे म्हणजेच शहाणपण, असे नाही. १९९२ मध्ये बिल क्लिंटन यांनी अल गोर घेतले: शेजारचे राज्य, तीच दक्षिण, तीच पिढी. पंडितांनी कपाळाला हात लावला. लोकांनी मात्र दोन तरुण माणसे शेजारी उभी पाहिली आणि पिढी बदलतेय हे न सांगता कळले.

वाईट रनिंग मेटमुळे निवडणूक हरतात का?

क्वचित. १९८८च्या जाहीर वादविवादात रिपब्लिकन रनिंग मेट डॅन क्वेल यांनी आपल्या अनुभवाची तुलना जॉन (जॅक) केनेडींशी केली आणि बेंट्सन यांनी, जॅक केनेडी माझे मित्र होते, सेनेटर, तुम्ही जॅक केनेडी नाही, असे सुनावले. ते वाक्य अजून सांगितले जाते. निवडून आले ते क्वेलच. लोक मत देतात ते वरच्या नावाला. रनिंग मेटमुळे कळते ते वरच्या नावाबद्दल: हा माणूस घाई करतो का, कोणाचे ऐकतो, आपल्यापेक्षा हुशार माणूस शेजारी सहन करतो का. प्रचारात उमेदवार घेतो त्यातला हा एकच निर्णय खऱ्या कारभारासारखा असतो. माझ्या मते बघण्यासारखे एवढेच.

कोणी नाही म्हणते का?

हो. १८४४ मध्ये डेमोक्रॅटिक अधिवेशनाने बाल्टिमोरमध्ये सायलस राइट यांना निवडले. ते होते वॉशिंग्टनमध्ये. मोर्स यांची तारयंत्रणा नुकतीच सुरू झाली होती, तिच्यावरून राइट यांचा नकार आला. प्रतिनिधींचा तारेवर विश्वास बसेना, माणसे पाठवून खात्री करावी लागली. १९२४ मध्ये फ्रँक लाउडन यांनी तर नाव जाहीर झाल्यावर नकार दिला, मग चार्ल्स डॉज यांना घेतले. आता नकार खासगीत देतात आणि ‘मी स्पर्धेत नव्हतोच’ असे छापून आणतात.

उमेदवार मध्येच गेला तर?

पक्षाची राष्ट्रीय समिती नवे नाव ठरवते. १९१२ मध्ये उपराष्ट्राध्यक्ष जेम्स शर्मन मतदानाच्या सहा दिवस आधी वारले. मतपत्रिका छापून झाल्या होत्या, त्यामुळे लाखो लोकांनी मृत माणसाला मत दिले. त्यांच्या वाट्याची आठ इलेक्टर मते मग कोलंबिया विद्यापीठाचे अध्यक्ष निकोलस मरे बटलर यांना गेली.

दुसऱ्या खेपेला जोडीदार बदलता येतो का?

येतो, आणि बदलण्याचे परिणाम कधीकधी जबर असतात. १८६४ मध्ये लिंकन यांच्या तिकिटावरून मेनचे हॅनिबल हॅम्लिन गेले आणि टेनेसीचे अँड्र्यू जॉन्सन आले. युद्ध चालू असताना दक्षिणेतला निष्ठावंत माणूस दाखवायचा होता. जॉन्सन शपथविधीला चक्क पिऊन आले. सहा आठवड्यांनी लिंकन यांचा खून झाला, आणि नुकत्या मुक्त झालेल्या गुलामांचे भवितव्य त्यांच्याबद्दल काडीची आस्था नसलेल्या माणसाच्या हाती गेले.

भारतीय वंशाचे कोणी?

कमला हॅरिस. आई श्यामला गोपालन तमिळ, वडील जमैकाचे. २०२१ मध्ये शपथ घेतली तेव्हा त्या या पदावरच्या पहिल्या स्त्रीही ठरल्या. व्हान्स यांच्या पत्नी उषा यांचे आईवडील तेलुगू.

हे पद म्हणजे राष्ट्राध्यक्षपदाची पायरी आहे का?

व्हान्स हे ५०वे उपराष्ट्राध्यक्ष. त्यांच्या आधीच्या ४९ पैकी १५ जण राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांतले नऊ जण राष्ट्राध्यक्षाच्या मृत्यूमुळे किंवा राजीनाम्यामुळे. पदावर असताना थेट निवडणूक जिंकणारे फक्त चार. जेराल्ड फोर्ड यांची कथा तर अजब: निक्सन यांचे जोडीदार स्पायरो अ‍ॅग्न्यू यांना करचुकवेगिरीच्या खटल्यात १९७३ मध्ये जावे लागले, त्या जागी फोर्ड नेमले गेले, वर्षाच्या आत निक्सन यांनीही राजीनामा दिला. देशाने दोन्हींपैकी एकाही पदावर न निवडलेला माणूस राष्ट्राध्यक्ष झाला.

सर्वांत महत्त्वाची निवड कोणती?

वादच नको: १९४४. फ्रँकलिन रूझवेल्ट चौथ्यांदा उभे होते आणि ते मुदत पुरी करणार नाहीत हे जवळच्यांना चेहऱ्यावरून दिसत होते. म्हणजे शिकागोतल्या पक्षाच्या अधिवेशनात खरे तर पुढचा राष्ट्राध्यक्ष ठरत होता. पक्षातल्या बड्यांना तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष वॉलेस फार डावे वाटत. जेम्स बर्न्स यांना कामगार संघटना घेईनात. वजा करता करता मिसुरीचे सेनेटर हॅरी ट्रुमन उरले, कारण त्यांना कोणाचा जोरदार विरोध नव्हता. ट्रुमन स्वतः तयार नव्हते. हॉटेलच्या खोलीत रूझवेल्ट यांचा फोन लावून त्यांना ऐकवला गेला: युद्धाच्या ऐन मध्यात पक्ष फोडायचा असेल तर जबाबदारी त्याची. पहिल्या फेरीत वॉलेसच पुढे होते, दुसरीत ट्रुमन आले.

एवढा आटापिटा करून आणलेल्या माणसाला मग कोणी काही सांगितले नाही. उपराष्ट्राध्यक्षपदाच्या ८२ दिवसांत रूझवेल्ट त्यांच्याशी फारसे बोललेही नाहीत. १२ एप्रिल १९४५ ला ट्रुमन यांना तातडीने व्हाइट हाउसवर बोलावले. एलिनॉर रूझवेल्ट यांनी खांद्यावर हात ठेवून पती गेल्याची बातमी सांगितली. ट्रुमन यांनी विचारले, मी तुमच्यासाठी काही करू शकतो का? त्या म्हणाल्या, आम्ही तुमच्यासाठी काही करू शकतो का? कारण अडचणीत आता तुम्ही आहात. अणुबॉम्बची पूर्ण माहिती त्यांना मिळाली २५ एप्रिलला.

पुढची निवड कधी?

मतदान ७ नोव्हेंबर २०२८ ला, नावे बहुधा त्या उन्हाळ्यात. तोवर ‘संभाव्य यादी’ म्हणून जे छापून येईल ते जपून वाचा. २००४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका खपाच्या दैनिकाने पहिल्या पानावर डिक गेपहार्ट यांची निवड जाहीर करून टाकली होती. त्याच दिवशी नाव आले एडवर्ड्स यांचे.